गाडी हलतेय, थोडं थांबा

नलिनीला मी शेवटचं पाहिलं ते पालघरच्या डायलिसिस सेंटरमध्ये. हाताला नळ्या, पायांवर चौकड्याची चादर, आणि नजर शेजारच्या मशिनच्या पडद्यावर. ते मशिन मधूनच टीं-टीं करायचं, नर्स लगबगीनं यायची, बटण दाबून त्याला गप्प करायची आणि पुढच्या पेशंटकडे जायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा नलू माझ्याकडे वळून म्हणाली, "मेधा, हे कुणी लिहिलंय गं? नुसतं रडतंय. कशापायी रडतंय ते सांगत नाय. आपण असलं काय केलं असतं तर एमआयडीसीतनं हाकलून दिलं असतं आपल्याला." मी हसले, नर्सही हसली. मग नलूनं तिला विचारायला सुरुवात केली : आवाज नेमका कधी येतो, दोन आवाजांत फरक असतो का, लांबून ऐकलं तर कळतं का. ती मुलगीही स्टूल ओढून बसली आणि मनापासून सांगू लागली. निघताना मी म्हटलं, "गुरुवारी येते." गुरुवारी सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा मुरब्याहून तिच्या भावाचा, जयवंतचा फोन आला. "मेधाताई, नलू गेली... झोपेतच गेली. आय म्हणते, ताईला आधी सांग."

त्याला आता महिना होऊन गेला. तिच्याबद्दल लिहायला बसले की डोळे भरून यायच्या आधी हसू येतं. सुरुवातीला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही. नलिनी तांडेल ही बाई होतीच तशी.

आमची ओळख बोईसरमध्ये, टायरच्या दुकानावरच्या एका कंप्युटर क्लासमध्ये झाली. मी सांगलीकडची. लग्न करून इकडे आले, नवरा तारापूरच्या वीज केंद्रात नोकरीला, आम्ही कॉलनीत राहायचो. पदवी होती, वेळ होता, म्हणून क्लासमध्ये शिकवायला लागले. नलू माझ्या आधीपासून तिथं प्रोग्रॅमिंग शिकवत होती. मुरब्याची, मच्छीमार घरातली, त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. ती वर्गात तिच्या गावच्याच बोलीत शिकवायची. "ही ओळ चुकली हाय, दिसत नाय का?" मुलं सुरुवातीला फिदीफिदी हसायची. मी एकदा आगाऊपणानं सुचवलं, की वर्गात जरा प्रमाण भाषा बोललीस तर बरं. ती शांतपणे म्हणाली, "कंप्युटरला कुठं कळतंय, मी आहे म्हणते का हाय म्हणते? त्याला कळतं तेवढं मी बरोबर लिहिते. पोरांना कळतं तेवढं बरोबर बोलते." पुढं काही महिन्यांनी सोलापूरचा एक मुलगा वर्गात "नाय मॅडम" म्हणाला, तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड लपवावं लागलं.

क्लास बंद पडला आणि आम्ही दोघींनी मिळून सॉफ्टवेअरचा धंदा काढला. आमचं काम डेस्कटॉप सॉफ्टवेअरचं. म्हणजे मोबाइलवर नाही की इंटरनेटवर नाही. कारखान्यातल्या टेबलावरच्या कंप्युटरात बसवायचं आणि तिथंच चालवायचं. गेटवरची हजेरी, गोदामातला माल, ड्रमवर चिकटवायची लेबलं. त्यात भपका काही नाही, पण ते बंद पडलं की कारखान्याचं गेट तुंबतं. पहिलं मोठं काम मिळालं ते एका रसायनाच्या कारखान्यातल्या वजनकाट्याचं. ट्रक काट्यावर उभा राहिला की आमच्या प्रोग्रॅमनं काट्याकडून वजन घ्यायचं आणि पावती छापायची. आमच्या खोलीत तो प्रोग्रॅम लोण्यासारखा चालायचा. कारखान्यात बसवला आणि चार दिवसांत फोन सुरू झाले. पडद्यावरची प्रोग्रॅमची खिडकी पांढरीफटक पडते, माउस फिरतो पण काही उमटत नाही, कंप्युटर बंद करून चालू करावा लागतो. तोवर मागं ट्रकची रांग. मॅनेजरनं सुनावलं, शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर वापीच्या पार्टीला काम देतो.

मी पुस्तकी बाई. दार लावून बसले आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ तपासू लागले. नलूनं मात्र डबा भरून घेतला आणि ती वजनकाट्याच्या केबिनमध्ये जाऊन बसली. कंप्युटरला हात नाही लावला. नुसती बघत बसली. तिथं रामअवध नावाचा बिहारचा ऑपरेटर होता. दुपारनंतर तो तिला म्हणाला, "मैडम, आपका सॉफ्टवेअर बड़ा डरपोक है. गाड़ी जब तक हिलती है, साँस रोक के बैठ जाता है." नलू ताडकन उठली आणि काट्यावरच्या ट्रककडे बघू लागली. टँकर होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तरी आतलं पातळ रसायन हिंदकळत होतं आणि काट्यावरचा आकडा वरखाली नाचत होता. आकडा स्थिर झाल्याशिवाय काटा वजन देत नव्हता आणि वजन आल्याशिवाय आमचा प्रोग्रॅम दुसरं काहीच करत नव्हता. खिडकी रंगवायची, बटणाकडे बघायचं, माउसला उत्तर द्यायचं, ही सगळी कामं प्रोग्रॅमच्या त्याच एका धाग्याला, म्हणजे कामांच्या एकाच रांगेला बांधलेली आणि तो धागा काट्यापाशी हात जोडून उभा. आमच्या खोलीत खरा टँकर कधी आलाच नव्हता, म्हणून आम्हाला ते दिसलं नव्हतं.

संध्याकाळी ती आली ती दारातूनच ओरडत. "सापडलं! मेधा, पाणी हलतंय!" मला वाटलं हिला ऊन लागलं. मग तिनं समजावलं, आणि आम्ही वाट बघण्याचं काम वेगळ्या धाग्यावर टाकलं. काट्याची वाट त्यानं बघायची. मुख्य धाग्यानं ऑपरेटरसमोर जागं राहायचं. तेवढ्यावर माझं समाधान झालं होतं. नलूचं नाही. ती म्हणाली, "खिडकी जिवंत ऱ्हायली, पण रामअवधला काय कळलं? तो बसलाय ना तिथं." मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ आली : 'गाडी हलतेय, थोडं थांबा.' खाली तेच हिंदीत. शनिवारी मॅनेजर स्वतः केबिनमध्ये येऊन उभा राहिला. टँकर आला, आकडा नाचला, ती ओळ झळकली, आकडा थांबला, पावती निघाली. मॅनेजरनं पावती उलटसुलट करून पाहिली. रामअवधनं मात्र केबिनच्या खिडकीतून ड्रायव्हरला मोठ्यानं वाचून दाखवलं, "गाड़ी हिल रही है, थोड़ा रुकिए!" आणि ड्रायव्हर म्हणाला, "हम नहीं हिला रहे, भाई!" नलू इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण सगळीच प्रकरणं अशी हसण्यावारी गेली नाहीत. सालवडजवळच्या एका कारखान्यात आम्ही कंत्राटी कामगारांच्या हजेरीचा प्रोग्रॅम दिला होता. तिथं जव्हारकडच्या डोंगरातली माणसं कामाला यायची. पावसाळ्यात आपापली शेतं करायची आणि उरलेलं वर्ष कारखान्यात. एका मार्चमध्ये त्यातल्या सगळ्यांची महिन्याच्या सुरुवातीची हजेरी गायब झाली. कंत्राटदार म्हणाला, होळी होती, प्यायले असतील, गावाला पळाले असतील. माणसं म्हणत होती, आमी रोज आलो. कंत्राटदाराचं एकच उत्तर : कंप्युटर खोटं बोलत नाही.

नलूनं हजेरीचा कागद पुढ्यात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. एक ते बारा तारखेपर्यंत सगळे गैरहजर. तेरापासून सगळे हजर. मधल्या त्या बारा दिवसांत एकच दिवस सगळे हजर : तीन तारीख. "सगळे दारू प्यायले, आणि तीन मार्चला शुद्धीवर येऊन कामाला आले, मग परत प्यायला गेले?" ती म्हणाली. मग तिनं कागदावर लिहिलं, तीन-तीन. उलटं वाचलं तरी तीन-तीन. आम्ही गेटवर गेलो. तिथला जुना कंप्युटर बिघडला म्हणून महिन्याच्या सुरुवातीला नवा आणलेला, आणि त्यात तारीख अमेरिकेच्या पद्धतीची, आधी महिना मग दिवस. आमचा प्रोग्रॅम भोळेपणानं त्या कंप्युटरचं ऐकत होता. पाच मार्चची हजेरी तो तीन मेच्या नावावर टाकत होता. तेरावा महिना नसतो, म्हणून तेरा तारखेपासून त्याचं डोकं ताळ्यावर यायचं. हरवलेले सगळे दिवस मागच्या-पुढच्या महिन्यांत सुखरूप पडून होते.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. तारीख कंप्युटरच्या मर्जीवर सोडायची नाही, आणि पडद्यावर महिना आकड्यात न दाखवता नावानं दाखवायचा, हे आम्ही तेव्हापासून कायमचं ठरवलं. अडचण पुढं आली. तिथला अधिकारी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, गुपचूप दुरुस्त करा. हजेरी लागेल त्यांची. पण चूक होती हे बाहेर बोलू नका, उद्या ते प्रत्येक गोष्टीत वाद घालतील." मला ते पटण्यासारखं वाटलं, हजेरी तर मिळतच होती.  जेवणाच्या सुट्टीत नलू मात्र सरळ शेडमध्ये गेली, जिथं ती माणसं डबे उघडून बसली होती, आणि उभ्या-उभ्या म्हणाली, "तुमी रोज आला होता. चूक आमच्या प्रोग्रॅमची हाय. तुमची नाय." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "मंग त्याला सांगा, आमी पिलेलो नव्हतो." नलू कंत्राटदाराकडे गेली आणि तेही सांगून आली.

तो कारखाना आमच्या हातून कायमचा गेला. परतताना मी स्कूटर चालवत होते आणि धुसफुसत होते. मागून ती म्हणाली, "रागावलीस?" मी म्हटलं, "मला आधी विचारायचं तरी." ती म्हणाली, "विचारलं असतं तर तू समजावलं असतंस. तू लय चांगलं समजावतेस... मला पटलं असतं." यावर काय रागावणार? तिनं मला मुरब्याला नेलं, तिच्या आयनं कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, आणि माझा राग दुसऱ्या भाकरीच्या पलीकडे टिकला नाही.

तिचा आजार आला तेव्हाही ती त्याच्याशी अशीच वागली. किडन्या गेल्या हे कळल्यावर तिनं आठवड्याचं वेळापत्रक बदललं, एवढंच. डायलिसिसच्या दिवशी लॅपटॉप पिशवीत असायचा; एका हाताला नळ्या आणि दुसऱ्या हातानं टायपिंग. कुणाचा फोन आला की ती विचारायची, "पडद्यावर आत्ता काय दिसतंय, तेवढंच वाचून दाखवा. तुम्हाला काय वाटतंय ते मागून सांगा." शेजारच्या खाटेवरचे आजोबा एकदा मला हळूच म्हणाले, "ही डॉक्टरीणबाई स्वतःच आजारी पडली का हो?"

परवा मी मुरब्याला जाऊन आले. अंगणात बोंबील वाळत घातले होते आणि आय खाली बसून मांजरांना हुसकत होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. आत्ताआत्तापर्यंत डोक्यावर टोपली घेऊन बाजारात जायच्या. मी बसले, चहा झाला, रडून झालं. मग त्या म्हणाल्या, "लोक इचारतात, तुझी पोर काय करत होती. मी सांगते, कंप्युटर करायची. पण म्हंजे काय करायची, ते मला कंदी समजलंच नाय. तू दाखव."

मी लॅपटॉप काढला, त्यांच्यापुढं पाटावर ठेवला आणि वजनाच्या पावतीचा प्रोग्रॅम उघडला. मालाच्या जागी लिहिलं, पापलेट. वजन, चाळीस किलो. त्यांनी वाचायला सांगितलं आणि मी वाचल्यावर खुदकन हसल्या. "चाळीस किलो पापलेट आता सपनात." मी म्हटलं, "आय, हे निळं बटण दाबा, पावती निघेल." त्यांनी पदराला बोट पुसलं आणि जपून बटण दाबलं. बटण फिकं पडलं. खाली अक्षरं आली : 'पावती निघतेय.' तिथं प्रिंटर नव्हता, त्यामुळं पावती काही निघणार नव्हती आणि प्रोग्रॅम आपला वाट बघत राहिला. आयनी पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं. काही होईना. "बिगडलं काय गं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नाही आय, ते नलूनंच तसं केलंय. घाईत माणूस दोनदा दाबतो आणि एकाच मालाच्या दोन पावत्या निघतात. म्हणून तिनं ठरवलं, एकदा दाबलं की ते काम पुरं होईस्तोवर दुसऱ्यांदा कुणाचं ऐकायचं नाही."

आयनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पुन्हा एकदा बटण दाबून बघितलं, पुन्हा एकदा, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आयकत नाय," त्या म्हणाल्या. "कितीबी सांगा, आयकत नाय. तिचंच हाय हे."