गोपाळच्या खोलीचा शनिवार-रविवार

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार पुरुष एका खोलीत राहायला लागले की धुवायचे कपडे साठतात तसे तेही साठतात. डोंबिवलीत स्टेशनच्या पूर्वेला आमची अशी एक खोली होती. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झालेली. खोलीत मी, तबल्याचं वेड असलेला आप्पा, नाटकाचं वेड असलेला बंडू आणि गोपाळ. गोपाळला वेड कसलंच नव्हतं, त्याचं लग्न झालेलं होतं.

बायको मात्र नाशिकला माहेरी. लग्नाला दोन वर्षं झाली तरी इथे बिऱ्हाडाला खोली मिळत नव्हती. एका शुक्रवारी तिच्या थोरल्या भावाचं, आबांचं कार्ड आलं. रविवारी संध्याकाळी सुमतीला घेऊन डोंबिवलीला येतो. खोली असेल तर तिला ठेवून जाईन, नसेल तर परत नेईन. मग पुन्हा आणून सोडायला मी येणार नाही.

"आबा शब्दाचे पक्के आहेत," गोपाळ म्हणाला. "तीच तर भानगड आहे."

शनिवारी ऑफिस हाफ डे. ठरलं की दुपारी ठाण्याला उतरायचं आणि रविवार संध्याकाळपर्यंत तिथून कल्याणपर्यंत गल्ली न् गल्ली पालथी घालायची. त्या काळजीत गोपाळने शनिवारी सकाळी दाढी केली नाही, आणि रविवारीही नाही.

*

ठाण्यात तलावाजवळ एक पेन्शनर होते. खोली रिकामी होती, कुलूप आम्ही डोळ्यांनी बघितलं. आम्हा चौघांना बघून ते म्हणाले, "बॅचलरांना देत नाही."

"मी बॅचलर नाही," गोपाळ म्हणाला आणि त्याने खिशातून लग्नाचा फोटो काढला. फोटोत बायकोचं तोंड मुंडावळ्यांत गेलेलं, गोपाळचं फेट्यात. पेन्शनरांनी चष्मा वर करून फोटो बघितला, मग गोपाळची दाढी बघितली.

"यातले तुम्ही कुठले? लग्न झालेला माणूस असा दिसत नाही."

"लग्न झालेलाच असा दिसतो, काका," बंडू म्हणाला. खोली तिथेच गेली.

*

पुढच्याच गल्लीत बाजाच्या पेट्या बनवणारे एक गृहस्थ राहायचे. खाली दुकान, वर खोली. माणूस फार चांगला. चहा दिला, फोटो न मागता विश्वास ठेवला. म्हणाले, "फक्त दिवसभर खाली सूर लावणं चालतं. बायकोला त्रास होणार नाही ना?"

"छे, तिला गाण्याची आवडच आहे," गोपाळ म्हणाला. सगळं जमत आलेलं. तेवढ्यात आप्पाने एका नव्या पेटीवर बोटं फिरवली आणि मान वाकडी केली.

"मालक, तुमची काळी चार जरा उतरलेली वाटते."

मालकांनी भाता बंद केला. "खोली काल गेली," ते म्हणाले.

परत येताना गोपाळ आप्पाशी बोलला नाही. "पण उतरलेली होती रे," आप्पा डोंबिवली येईपर्यंत सांगत होता.

*

रविवारी सकाळी कल्याण. गणपती तोंडावर आलेले, कुंभारवाड्यात पाय ठेवायला जागा नाही. एका मूर्तिकाराने खोली दाखवलीसुद्धा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गणपती, काहींचे डोळे व्हायचे होते.

"विसर्जनानंतर या," तो म्हणाला.

"संध्याकाळी बायको येतेय हो. आम्ही कोपऱ्यात राहू. मूर्तींना धक्का लावणार नाही."

मूर्तिकाराने ब्रश खाली ठेवला. "लग्न होऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. पण एकत्र राहिलो नाही अजून."

"मग नको," तो म्हणाला. "निदान डोळे झालेल्यांसमोर तरी नको."

*

दुपारी एका घराच्या चौकात नाटकाची तालीम चालू होती. घर तालीम मास्तरांचं, खोली मागल्या अंगणात. मास्तर म्हणाले, "माझी काही हरकत नाही, आईला विचारा." नेमकी त्या दिवशी नाटकातली नायिका तापाने आजारी होती. आम्ही आईंची वाट बघतोय तोवर मास्तरांनी बंडूला नऊवारी नेसवून उभा केला. बंडूला काय, तेच हवं होतं.

आई आल्या. वय झालेलं, नजर अधू. गोपाळने हात जोडून सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, अंगणाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मुला, तू गरीब दिसतोस. खोली दिली असती. पण तुझी बायको तिथे भिंतीला टेकून विडी ओढतेय. ते आमच्या घरात चालायचं नाही."

*

कल्याणहून आम्ही रुळांच्या कडेने चालत निघालो. ठाकुर्लीला गोपाळ एका दगडावर बसला.

"मला ती घरात हवी आहे रे," तो म्हणाला. "चहा तिने केला काय, मी केला काय. नुसती असली पाहिजे. आता आबा तिला घेऊन जातील आणि मी फोटो बघत बसेन."

मी त्याला म्हटलं, चल, गाडीची वेळ होईल.

*

डोंबिवलीच्या फलाटावर आम्ही उभे. गाडी आली, गेली. सुमतीवहिनी नाहीत. एवढ्यात पुलाकडून पांढरी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ तरातरा आले. आबा.

"गोपाळराव, होता कुठे? आम्ही सकाळच्याच गाडीने आलो. चला घरी, चहा थंड होतोय."

"घरी?" गोपाळ म्हणाला.

"खोली छान बघितलीत. मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल."

आबा पुढे आणि आपल्या बिऱ्हाडाचा पत्ता नसलेला गोपाळ मागे, अशी वरात रूळ ओलांडून पश्चिमेला निघाली. त्या बाजूला तेव्हा भातशेतं आणि आगऱ्यांची घरं. आम्ही तिकडे कधी फिरकलोच नव्हतो. झालं होतं असं, हे वहिनींनी पुढे कधीतरी सांगितलं, की दोघं सकाळी चुकून त्या बाजूला उतरली. आबांना झाडाखाली ट्रंकेवर बसवून वहिनी रस्ता विचारायला म्हणून गेल्या. विहिरीवर चांगुणाबाई नावाच्या एक आगरी बाई पाणी काढत होत्या. वहिनी त्यांना दोन हंडे भरू लागल्या, बोलता बोलता त्यांची रिकामी खोली ठरवली आणि परत येऊन आबांना म्हणाल्या, "चल, सापडली. यांनी बघून ठेवलेली हीच."

शेणाने सारवलेली जमीन, एक खिडकी, चुलीवर आधण. वहिनी दारात उभ्या होत्या. गोपाळने त्यांच्याकडे बघितलं आणि चप्पल काढायची विसरला.

आबा भिंतीत खिळा ठोकायला लागले. "उजेड चांगला आहे. मालकीणही लाख माणूस. गोपाळराव, कशी काय गाठ पडली हो तुमची?"

गोपाळने तोंड उघडलं. तेवढ्यात कमरेवर हंडा घेऊन चांगुणाबाई आत आल्या. गोपाळकडे बघून म्हणाल्या, "पोरी, यो कोन?"

हातोडी थांबली.

"मावशी, हेच ते," वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या. "ज्यांनी खोली बघितली होती ना, तेच."

चांगुणाबाईंनी हंडा खाली ठेवला, गोपाळला खालून वर न्याहाळलं आणि कपाळाला हात लावला.

"आगो, योच की तो. दाढी करून आला तं मी वलखलाच नाय."

आबांनी गोपाळच्या दोन दिवसांच्या खुंटांकडे बघितलं. मग बहिणीकडे बघितलं. मग भिंतीकडे वळले.

"गोपाळराव," ते म्हणाले, "तो दुसरा खिळा द्या."