गुरुजींची तळटीप

बारामतीच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि माझ्या एम.ए.च्या वर्गातले सगळ्यात मोठे विद्यार्थी बेचाळीस वर्षांचे. इंदापूरजवळच्या एका गावात ते प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायचे. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटी पकडून आमच्या दुपारच्या तासाला यायचे. वर्गातली मुलं त्यांना गुरुजी म्हणत, मग मीही म्हणायला लागले. मी वर्गात शिरले की सगळ्यांच्या आधी तेच उभे राहत. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी दखनी उर्दू, एका मुलीच्या घरी तेलुगू. इंग्रजी कुणाच्याच घरी नाही. त्या वर्षी प्रत्येकाला पंधरा पानांचा शोधनिबंध लिहायचा होता. कुणाचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव तळटीपेत द्यायचं, बाकी सगळं स्वतःचं, असं मी पहिल्याच तासाला बजावलं होतं. मी स्वतः ते नुकतंच पुण्याला शिकून आले होते, त्यामुळे जरा जास्तच जोरात.

नमुना म्हणून सगळ्यांनी दोन-दोन पानं लिहून दिली. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. पण तिसऱ्या ओळीपाशी मी थबकले. स्टँडजवळच्या दुकानात मिळणाऱ्या गाईडमधला मजकूर होता, शब्द न् शब्द. मी त्यावर लाल शाईनं आडवं लिहिलं, ‘कॉपी. हे तुमचं नाही.’ आणि तो कागद सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि तास संपेपर्यंत मान खाली घालून बसून राहिले.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. तिसऱ्या शनिवारी तास संपल्यावर ती तेलुगू बोलणारी मुलगी थांबली.

“मॅडम, गुरुजींनी ते बघून नव्हतं लिहिलं. आमच्यासमोर लायब्ररीत बसून लिहिलं. पुढ्यात फक्त कोरे कागद होते.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी इंदापूरची एसटी धरली आणि विचारत विचारत गुरुजींचं घर गाठलं.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, “या की. हितंच हायती. तीन शनवार झालं, कालिजात गेलं न्हाईत. इचारलं की म्हणत्यात, डोकं दुखतंय.” गुरुजी आतून आले ते शर्टाची बटणं लावतच. चहा आला. अर्धा कप संपल्यावर तेच म्हणाले,

“मॅडम, चोरी नव्हती केली मी. पाठ केलं होतं. चिठ्ठ्या लपवून न्यायचे त्यांना आम्ही चोर म्हणायचो. मी आयुष्यात चिठ्ठी नेली नाही. बी.ए. केलं ते सगळं पाठ करून. सायकलवरून शाळेत जाताना म्हणत जायचो.”

आणि तिथंच त्यांनी मला गाईडचं अर्धं पान म्हणून दाखवलं, स्वल्पविरामाला थांबत.

मी ऐकत होते आणि माझे कान तापले होते. मी ज्याला कॉपी म्हटलं होतं ती या माणसाची कित्येक वर्षांची मेहनत होती. “चुकलं माझं,” मी म्हटलं, “वर्गात तसं करायला नको होतं.”

“तसं नका म्हणू, मॅडम.” ते माझ्याहून जास्त गोंधळले. “पण माझं स्वतःचं असं इंग्रजीत काय असणार?”

मी म्हटलं, या आठवड्यात तुमच्या शाळेत काय झालं ते मराठीत सांगा. त्यांनी सांगितलं. पुस्तकात माशाचं चित्र होतं. हे काय, असं विचारल्यावर सगळ्या वर्गानं मासा म्हणायचं. एक मुलगी गप्प. तिच्या घरचे उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायचे. दोनदा विचारल्यावर तिनं उलट विचारलं, “कंचा? चिलापी हाय का मरळ?” गुरुजींनी तिला नुसतं मासा म्हण म्हणून बसवलं आणि घरी येईपर्यंत तेच त्यांच्या डोक्यात राहिलं. तिला उत्तर येत होतं. यांचा प्रश्नच अपुरा होता.

“हेच लिहा,” मी म्हटलं.

“हे? असलं इंग्रजीत लिहितात?”

“लिवा की,” आतून आवाज आला. “मला चारदा सांगून झालंय.”

त्यांनी लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ‘विद्वानांच्या मते मुलांना मासे ओळखता येतात’ असं वाक्य होतं. कोणते विद्वान, असं विचारल्यावर हसले आणि खोडून टाकलं. मग तळटीपांनी त्यांना असं पछाडलं की विचारू नका. एका वाक्याखाली भिगवणच्या मासे विकणाऱ्या बाई, एकाखाली पत्नी, एकाखाली मी. बऱ्याच मी काढायला लावल्या. एक राहिली. ‘माझ्या पहिलीच्या वर्गातील विद्यार्थिनी, वर्गात सांगितल्याप्रमाणे.’

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी नेमकं त्या तळटीपेवर बोट ठेवलं. सहा वर्षांच्या मुलीचा आधार कसा धरायचा, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी कोपऱ्यात बसले होते, मला बोलायची परवानगी नव्हती. गुरुजी उभे राहिले. इंग्रजीत, एकेक शब्द वेचत म्हणाले, “माशांच्या बाबतीत तिचा धरावा, सर. माझा नको.”

परीक्षक हसले. मग चिलापी आणि मरळ यांत फरक काय असतो, ते विचारू लागले. गुरुजी दहा मिनिटं बोलले. काळ चुकत होते, वचनं चुकत होती, मध्येच हातानं कल्ल्यांचा आकार दाखवत होते. यातलं काहीच त्यांनी पाठ केलेलं नव्हतं.

ते सेकंड क्लासमध्ये पास झाले. निकाल बघायला दोघं नवरा-बायको आले होते. आत चला म्हटलं तर बाई व्हरांड्यातच थांबल्या. “हितनं दिसतंय की,” म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात मी माझा अर्धवट राहिलेला एम.फिल.चा प्रबंध बाहेर काढला. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, सुरेख, डौलदार. ते कुणाचं ते मला आठवेना. दोन दिवस लायब्ररीत पुस्तकं उपसली, सापडलं नाही. शेवटी ते काढून तिथं माझं एक वाक्य लिहिलं. जरा ओबडधोबडच झालं, पण तसंच ठेवलं.