शपथ न वाहणारे बाबा

आमच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना बाबा करतात, त्यामुळे आमच्याकडे गरम जेवण हा प्रकार नाही. बाबा नगरच्या एका मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांची प्रार्थना पाऊसपाण्यापासून सुरू होते, आजारी नातेवाइकांवरून पुढे सरकते आणि शेवटी भारताच्या राज्यकर्त्यांसाठी सद्बुद्धी मागते. राज्यकर्ते पुष्कळ आहेत. तोवर वरणावर साय धरते. आई गेल्यावर बाबा कायमचे आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, क्रेगीबर्नला राहायला आले, पण हा क्रम काही बदलला नाही.

गेल्या वर्षी मला, बायकोला आणि बाबांना सिटिझनशिपच्या समारंभाचं एकदमच बोलावणं आलं. मुलगी इथे जन्मलेली, म्हणजे घरातली एकमेव ऑस्ट्रेलियन, आणि हे ती भांडणात वेळोवेळी ऐकवायची. मला मात्र भलताच चेव चढला. वास्तविक मी ईस्टर आणि नाताळ सोडून उपासनेला फारसा दिसत नाही. पण या देशाच्या घटनेच्या पहिल्याच वाक्यात सर्वसमर्थ देवाच्या आशीर्वादावर भिस्त ठेवली आहे हे मी कुठेतरी वाचलं, आणि ते वाक्य जणू आमच्या पणजोबांनीच लिहून पाठवलं होतं अशा थाटात सगळ्यांना सांगत सुटलो.

शेजारचा पुण्याचा डेंटिस्टही आमच्याबरोबरच सिटिझन होणार होता. बार्बेक्यूवर चिमटा फिरवत तो म्हणाला, "तुझं बरंय यार. तुझा देव आधीपासूनच इथल्या कॉन्स्टिट्यूशनमध्ये बसलाय. आमच्या गणपतीला अजून पीआर मिळायचाय."

त्यानेच मला सांगितलं की शपथेचे दोन मसुदे असतात, एक देवाचं नाव असलेला, एक नसलेला. आपल्याला हवा तो निवडायचा. मी लगेच ठरवून टाकलं. बाबा आमच्या चर्चच्या मराठी मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ, त्यांनी देवाचं नाव घेऊन या देशाचं नागरिक व्हावं आणि ते साऱ्या मंडळीने बघावं! पाळकसाहेबांसकट सगळ्यांना आमंत्रण देऊन मी मोकळा झालो. बाबांना विचारायचं तेवढं राहिलं.

समारंभाच्या आदल्या रविवारी जेवताना मी त्यांना कार्यक्रम समजावला. बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"देवाचं नाव घेऊन शपथ? मग मी नाही येत. तुम्ही दोघं व्हा सिटिझन. मी आहे तसा बरा आहे."

"बाबा, असं कसं? सगळे येणार आहेत!"

"कोण सगळे?"

मी यादी सांगितली. बायको म्हणाली, "केटरिंग पण ठरवलं असेल ना?" ठरवलं होतं.

बाबा शांतपणे म्हणाले, "डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने काय शिकवलंय? शपथच वाहू नका. हो तर हो, नाही तर नाही. तुला लहानपणी पाठ करून घेतलं होतं. कुठे गेलं?"

जिथे माझं बाकीचं पाठांतर गेलं तिथेच गेलं होतं. पण ते विचारत होते म्हणजे त्यांना खरंच लागलं होतं. पासपोर्ट बदलायचा त्यांनी मोठ्या जड मनाने ठरवलं होतं. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेला, शाळेत दर स्वातंत्र्यदिनी स्वतः झेंडा चढवणारा माणूस. तरीही गावात कोणी ना कोणी हसत विचारायचंच, "मास्तर, गोरे साहेब गेले, तुम्ही कसे मागे राहिलात?" बाबाही हसत म्हणायचे, "मी इथलाच, जाऊ कुठे?" अशा माणसाने आता दुसऱ्या देशाला शब्द द्यायचा, तर तो मनात किंतु ठेवून देणं त्यांना जमणार नव्हतं. आणि दिला नाही, तर आम्ही सगळे एका देशाचे आणि बाबा एकटे दुसऱ्याचे, असं होणार होतं.

"It's a pledge, आजोबा, not an oath," मुलगी म्हणाली.

"देवाला साक्षीला बोलावलं की शपथच झाली, बाळ."

"So do the other one. There are two. Dad, तू सांगितलं नाहीस?"

"अगं, ते दुसरं देव न मानणाऱ्यांसाठी असतं," मी म्हणालो.

"Says who?"

"हां," बाबा माझ्याकडे वळले. "कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं. मुलीने फोनवर दुसरा मसुदा वाचून दाखवला. बाबांनी तो तिला पुन्हा वाचायला लावला, मग ती घटनाही शोधायला लावली. मी सगळ्यांना सांगत फिरत होतो ते पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पुढे वाच." मी स्वतः पुढे कधी गेलोच नव्हतो. पुढे एका कलमात केंद्र सरकारला कुठलाही धर्म लादायला आणि कोणालाही त्याचा धर्म पाळण्यापासून अडवायला चक्क बंदी घातलेली निघाली.

"बघ," बाबा मला म्हणाले. चेहऱ्यावर वर्गातल्या ढ मुलाला अखेर गणित सुटल्यासारखा आनंद. "देवावर भरवसा ठेवला, पण त्याला पोलीस म्हणून उभा नाही केला. असा भरवसा खरा. नगरच्या कोर्टात मी एकदा साक्षीला गेलो होतो, तेव्हा शिपाई म्हणाला, ख्रिश्चन ना, मग बायबलवर हात ठेवा. मी नाही म्हणालो. जज्जसाहेबांनी नुसती प्रतिज्ञा घेऊ दिली. आपल्या देशातही ती सोय होती, इथेही आहे. येतो मी रविवारी."

"पण आजोबा, people will think you don't believe."

"वाटू दे. देव मानता का, हे हा देश मला विचारत नाही, म्हणून तर मी इथला व्हायला तयार झालो."

मला मात्र मंडळी काय म्हणतील याचीच काळजी.

रविवारी कौन्सिलच्या हॉलमध्ये आधी इथल्या मूळ लोकांतल्या एका आजींनी सगळ्यांचं स्वागत केलं. आम्ही आलो त्याच्या कितीतरी आधीपासून ही जमीन त्यांची, आणि तरी त्याच आम्हाला "या" म्हणाल्या. मग महापौरबाईंनी देवाचं नाव घेणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं. बायको उठली. मीही उठलो, इतकी जाहिरात केल्यावर बसणार कसा? माझ्या शेजारी झब्बा घातलेला आमचा डेंटिस्ट उभा.

"तू इकडे कसा?" मी कुजबुजलो.

"का? देव काय तुझ्या एकट्याचा आहे?"

आमचं झालं, आम्ही बसलो. मग दुसरा गट. एक चिनी नर्स, एक पगडीवाला ट्रकड्रायव्हर, एक इराणी जोडपं, आणि काठी टेकत आमचे बाबा. मागच्या रांगेतून मंडळीतल्या मावशींचा आवाज आला, "अगं बाई, मास्तर चुकून दुसऱ्यात उभे राहिले. कोणीतरी सांगा ना!" पाळकसाहेबांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "चुकून नाही, मावशी. तुम्ही ऐका."

बाबांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि हात सरळ खाली घेतले, शाळेत झेंड्यासमोर उभे राहायचे तसे. मग प्रत्येक शब्द सुटा सुटा, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा म्हटला. महापौरबाईंच्या हातात माइक होता, पण हॉलभर ऐकू आले ते बाबाच. माझी छाती इतकी फुगली की कोटाचं बटण ताणलं गेलं. बायकोच्या मते ते केटरिंगवाल्याकडच्या सामोशांमुळे.

बाहेर मी विचारलं, "कसं वाटलं, बाबा?"

"शब्द दिलाय. आता पाळायचा," म्हणाले, आणि चहा घ्यायच्या आधी मतदार नोंदणीच्या टेबलाकडे निघाले.

संध्याकाळी बायकोने सकाळीच करून ठेवलेलं मटण गरम केलं. सगळे टेबलाशी बसलो, बाबांनी डोळे मिटले. पाऊसपाणी झालं, आजारी नातेवाईक झाले, भारताचे राज्यकर्ते झाले, एकही सुटला नाही. मी डोळे उघडून चमच्याकडे हात नेला, तर बाबांचा आवाज पुन्हा सुरू. आता ऑस्ट्रेलियाचे राज्यकर्ते, मग आमच्या राज्याचे, मग कौन्सिल, मग त्या महापौरबाई. सकाळी हॉलमध्ये ज्याचं नाव घेतलं नव्हतं त्याच्याकडे बाबा एकेकासाठी सद्बुद्धी मागत होते, आणि मटणावर चरबी गोठत होती.

"आमेन," बाबा म्हणाले.

"आमेन," मुलगी म्हणाली. "Two countries now? Every night?"

"रोज," बाबा म्हणाले, आणि तिच्या ताटात पहिला तुकडा वाढला.