चाकांचं सिंहासन

मार्थाबाई गेल्याचं मला जव्हारच्या एसटी स्टँडवर कळलं. मोखाड्याहून आलेल्या कंडक्टरनं हाक मारली, "बाई, पोशेऱ्याच्या नर्सबाई गेल्या. काल माती झाली." मी त्याच्यावरच डाफरले, "काल? आणि मला आज सांगता?" महिना उलटला, तरी तो राग गेलेला नाही. कुणावरचा, तेही कळत नाही.

विलीनीकरणाआधी मार्थाबाई जव्हार संस्थानच्या दवाखान्यात सुईण होत्या आणि माझ्या शेजारी राहत. नगरकडच्या ख्रिस्ती. मी शाळेत शिकवणारी, आणि भोचक म्हणून प्रसिद्ध. ओळख होते न होते तोच विचारलं, "तुमच्या संदेष्ट्यांच्या तोंडून देव बोलतो म्हणे. मग अंगात येणारा आमचा भगत काय वेगळा?" रागावतील असं वाटलं होतं, तर हसत सुटल्या. "अगं, भगताकडे लोक आपणहून जातात. संदेष्ट्याला कुणी बोलावत नाही. नको ते ऐकवायला तो स्वतःच येतो, राजालासुद्धा!" तेव्हापासून आमची रोजची हुज्जत सुरू झाली.

मग संस्थान गेलं आणि नव्या सरकारनं त्यांना पोशेऱ्याच्या दवाखान्यावर पाठवलं. जव्हारात निदान दोन ख्रिस्ती घरं होती, रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर प्रार्थना व्हायची. पोशेऱ्यात एकही नव्हतं. ट्रंक भरता भरता म्हणाल्या, "कुसुम, कामाची भीती नाही गं. पण प्रार्थनेला बरोबर कुणी नसलं, तर देव तरी तिथं असेल का?" मी त्यांची लुगडी घडी करून देऊ लागले. मग त्याच सांगू लागल्या. फार पूर्वी एका संदेष्ट्याचंही राज्य बुडालं, त्याला कैद करून परमुलखात नेलं. देव मागं देवळातच राहिला, असं सगळे धरून चालले होते. आणि तिथं, परक्या नदीच्या काठी, त्याला देवाचं सिंहासन दिसलं. खाली चार चार तोंडांचे चार जीव, माणसाचं, सिंहाचं, बैलाचं, गरुडाचं तोंड. आणि बाजूला चाकं.

"सिंहासनाला चाकं? ती कशाला?"

"एका जागी अडकून राहायचं नव्हतं म्हणून." बोलल्या ठाम, पण ट्रंकेची कडी लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

दुसऱ्या वर्षी होळीनंतर मी पोशेऱ्याला गेले. गावात बोहाड्याची तयारी चालली होती. बोहाड्यात देवांची सोंगं नाचवतात. मुखवटा चढवला की आतला माणूस कुणी पाहत नाही, देव आला म्हणतात. एकेक सोंग आणण्याचा मान एकेका घराचा. आम्ही दोघी पडवीत चहा घेत होतो, तेवढ्यात मुखवटे करणारा काळूबाबा आला आणि त्यानं हातातल्या गाठोड्याचं फडकं सोडलं. एकाच लाकडाला चार तोंडं! बाळंतिणींपाशी बसून बाईंनी सांगितलेली गोष्ट घरोघर पोचली होती. सिंह त्यानं जन्मात पाहिलेला नव्हता, म्हणून तिथं बिबट्या होता.

"बाई, तुमच्या देवाला हितं कोणी आणणारा नाय," तो म्हणाला. "औंदा आमी आणू."

मी बाईंकडे बघतच राहिले. त्यांच्या पंथात मूर्ती चालत नाही. आता काय करतील? त्यांनी कप खाली ठेवला. "बाबा, तुमची माया कळली. पण हे नाचवू नका. हे देव नाहीत, देवाचं सिंहासन वाहणारे आहेत."

काळूबाबा जरासुद्धा खट्टू झाला नाही. "मंग भोईच ना? भोई आलं तं पालखी मागं राहंल का?"

मार्थाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मुखवटा नाचला नाही. हळद-कुंकू लावायचं नाही, या अटीवर त्यांनी तो खोलीत ठेवून घेतला.

परवा मी पोशेऱ्याला जाऊन आले. पाद्री वेळेवर पोचला नव्हता. गावातल्या चौघांनीच त्यांना खांदा दिला, त्यात काळूबाबा होता. खोली झाडलेली होती, खाट उभी केलेली. मुखवटा मात्र भिंतीवर होता तिथंच. "बाबा, हा घरी का नेत नाही?" मी काळूबाबाला विचारलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "नवी नर्सबाई येल. तीबी एकटीच येल ना?"