बटन तुटी जाई!

नाशिक रोडला गेम पार्लर चालवणारा तो सटाण्याचा माणूस महिनाभर एकच सांगायचा, ‘‘नवी सीडीमा सुपरकार शेतस. सोमवारले ई जाई, भो!’’ मी त्याची नक्कल करून वर्ग हसवायचो, पण दर सोमवारी पहिला मीच पळत जायचो.

शेवटी सीडी आली. मी लाल सुपरकार घेतली, बटन दाबलं, तर यानं मागून माझं मनगटच धरलं!

‘‘हळू चालाड! एवढी पॉवरनी गाडी, बटन तुटी जाई!’’

‘‘अहो काका, पॉवर गाडीत आहे, बटनात नाही!’’

‘‘कीबोर्ड मना शे, तुना नही!’’

हळू बटन दाबता दाबता आमच्या सुपरकारला गेममधल्या टेम्पोनंही मागे टाकलं. आजही त्याची नक्कल करता करता मी मध्येच खराखुरा भडकतो. कारण मी शेवटचा आलो, तेव्हा शर्टाच्या टोकानं बटन पुसत तो म्हणाला होता, ‘‘दख, तुटनं नही ना!’’