विहिरीचा निकाल

राजवट बदलली, शाळेतला उर्दूतला निसाब गेला आणि मराठीत अभ्यासक्रम आला, तेव्हा आमच्या रसायनाच्या मास्तरांनाच घाम फुटला. आधी पुस्तक पाठ केलं की भागत असे. आता कागदावर छापलं होतं, ‘विद्यार्थ्यास जड व मऊ पाणी प्रयोगाने ओळखता यावे.’ मास्तर आम्हालाच विचारत, “ओळखता यावे म्हणजे? पाहून? पिऊन?” शेवटी त्यांनी प्रत्येकाला घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणायला सांगितलं.

गुडीहत्नूरजवळच्या आमच्या घरात तेव्हा दोन गोष्टी नव्या होत्या. परसातली विहीर आणि थोरल्या भावाची बायको. दोघी एकाच उन्हाळ्यात आल्या. विहिरीचं कौतुक माय येईल त्याला सांगे. वहिनीची तुरीची डाळ मात्र शिजता शिजत नसे. “माहेरी कच्चीच खात होते काय वो?” माय भर पंगतीत विचारी. पाहुणे हसत. मीही हसे.

मास्तरांनी बाटल्यांत साबणाचा कीस टाकून हलवलं. साऱ्यांच्या बाटल्यांत फेस, माझ्या बाटलीत नासलेल्या दुधासारखा साका.

“तुझ्या घरी डाळ शिजते का रे?”

“शिजते की, सर.”

“खोटं बोलून राह्यला. असल्या जड पाण्यात डाळ शिजत नसते. चिमूटभर सोडा टाकायला सांग घरी.”

घरी मायनं विचारलं, “काऊन रे, काय म्हणते आपली विहीर?”

त्या विहिरीसाठी तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. मी म्हणालो, “लय फेस आला, माय. वर्गात पहिली.”

“आयकलं काय वो?” माय चुलीपुढल्या वहिनीकडे वळली. “आता तरी पाण्याले नावं ठेवू नको.”

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी डाळ का शिजत नाही ते पानभर लिहिलं, सोड्यासकट. गुणपत्रिका हाती येईतो आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला होता. घरातली डाळ होती तिथंच होती. पुष्कळ वर्षांनी नळ आला आणि डाळ लोण्यासारखी शिजली. “शिकली एकदाची,” माय म्हणाली.

माय गेल्यावरही मी गप्पच होतो. परवा वहिनींना सगळं सांगितलं. शेंगा सोलायच्या थांबून त्या म्हणाल्या, “जिले सांगाचं ते तर गेली, भावजी. मले काय सांगून राह्यले?”

“मग कोणाला सांगू?”

“हसणारे लय जण अजून जित्ते हायेत. त्यायले सांगा.”

म्हणून सोयऱ्यांनो, तुमच्यासाठी लिहितो. खोट वहिनींच्या हातात नव्हती, आमच्या विहिरीत होती. तुम्ही न कळून हसलात. मी कळूनही हसलो.