उताराची फेरी

आत्या सायकलवरून उतरत नसे. वाटेत कोणी भेटलं की पुलियाच्या कठड्याला एक पाय टेकवायचा आणि बसल्या बसल्या बोलायचं. टपरीवालाही तिचा चहा रस्त्यापर्यंत आणून द्यायचा. "मास्तरीणबाई, बाकड्यावर बसा ना थोडं," तो म्हणे. "बसूनच तं हाये गा," ती म्हणायची, आणि कप परत करून निघायची.

सायकल आजोबांची होती, उंच दांड्याची, काळी. शाळेत शिकवायला जाताना आत्या पाचवारी नेसून पायी जाई. रविवारी मात्र ती आजीचं जुनं नऊवारी लुगडं काढी, काचा मारी आणि दांड्यावरून पाय टाकी. इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत बाया दारात येऊन हसत. "कुठं निघाली वं स्वारी?" "गावाले!" मी मागे कॅरियरवर. फुटाळा तलावाच्या काठाने जायचं, वाडी मागे टाकायची, मग कच्चा रस्ता. धुळीने माझे पाय पांढरे होत आणि तेवढ्यात गावच्या तलावाचं पाणी चमके.

त्या तलावासारखी जागा मी पुन्हा पाहिली नाही. काठची टेकडी दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची केलेली, आणि प्रत्येक पायरीवर संत्र्याची झाडं. आंबिया बहाराच्या दिवसांत फुलांचा वास अंगाला चिकटून घरापर्यंत येई. तलावाच्या बांधावर वाट दोन्हीकडे फुटे आणि बगिच्यांतून फिरून पुन्हा बांधालाच मिळे. डावीकडून गेलं की गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या बंगल्याच्या फाटकासमोर छातीवर येणारा चढ. उजवीकडून फेरी घेतली तर हळूहळू वर चढून फाटकाशी तोच उतार.

पायऱ्या रचणारे हात आमच्या लोकांचे होते. पण त्या फाटकासमोरून आमच्यातला कोणी सायकलवर बसून जात नसे. उतरायचं, हॅण्डल धरून मान खाली घालून चालायचं, फाटक मागे गेलं की पुन्हा बसायचं. कोणी "उतर" म्हणून ओरडत नसे. ओरडण्याची गरजच उरली नव्हती, याचा मला अजून संताप येतो. आजोबा शहरात गिरणीत लागले, पगारातून सायकल घेतली, दीक्षा घेतली, घरातले जुने देव नदीत सोडले. तरी गावाला गेले की फाटकाशी त्यांचे पाय आपोआप जमिनीवर येत. मालगुजारी कायद्याने गेली होती. कायदा त्यांच्या पायांपर्यंत पोचला नव्हता.

लहानपणी आत्या त्याच कॅरियरवर बसायची. बाप उतरला की तीही उतरे. मोठी झाल्यावर तिने ठरवलं, या सायकलचं चाक फाटकासमोरून वर बसलेल्या माणसासकट जाईल.

आमचे बाबा पत्रकं छापत. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. 'अ' अन्यायाचा, हे मला अननसाच्या आधी ठाऊक होतं. आत्या पत्रकं वाटायची, पण बाबांना चिडवायचीही. "दादा, तुह्या पत्रकातलं मालगुजाराले वाचता येते, पण तो वाचत नाही. सायकल त्याले दिसते." बाबा म्हणत, "एका सायकलनं काय होते वं?" ती म्हणे, "एका पत्रकानं काय होते गा?" मग दोघंही हसत.

चढावर ती बोलत नसे. लुगडं पाठीला चिकटलेलं, मान पुढे, दांडा कुरकुरत असे. बंगल्याच्या ओसरीवर म्हातारा मालगुजार खुर्चीत असायचा. ती त्याच्याकडे पाहतही नसे. वर पोचल्यावर एवढंच म्हणे, "झालं." मग झाडांतून वाट हलकेच खाली जाई आणि आत्या गाऊ लागे, फार बेसूर.

मालगुजाराच्या मुलाने सर्वांत खालच्या पायरीवर, पाण्याजवळ, द्राक्षाचा मांडव घातला होता. माणूस शिकलेला, बोलायला गोड. एकदा घड घेऊन वाटेत उभा राहिला. "उतरा ना बाई, द्राक्षं खा."

"हातात द्या," आत्या म्हणाली. पाय बांधाच्या दगडावर.

"तुमचं आपलं काहीतरीच. तिथं चढ आहे, म्हणून लोक उतरतात. कोणी म्हणतं का उतरा म्हणून?"

"उजवीकून आलं तं उतार राहते, भाऊ. तवाबी माहा बाप उतरे. काहून?"

त्याने घड पुढे केला. आत्याने एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले. "आंबट हाये. तुमी संत्रंच लावा."

मी दर वेळी बांधावर हट्ट करायची: आज उजवीकडून जाऊ, उतारावरून सुसाट खाली येऊ. ती ऐकत नसे. "आधी चढ. उताराची फेरी मंग करू. फाटक पाहून पाय जमिनीकडं गेले नाही पाहिजे, तवा. दोघीबी पाय सोडून देऊ, अन् वरडत खाली येऊ."

मग तिच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी सायकल बंद केली. मी तेव्हा कॉलेजात होते. एका रविवारी ती लुगडं नेसून अंगणात येऊन उभी राहिली. "तू चालव. मी मांगं बसतो."

मी बांधावर विचारलं, "आज तरी उजवीकडून?" तिने डावीकडे बोट दाखवलं.

फाटकाशी चाक डगमगू लागलं. मालगुजाराचा मुलगा धावत आला. "अहो, पडाल! थांबा, मागून ढकलतो."

"हात लावू नका, भाऊ," आत्या माझ्या पाठीमागून म्हणाली. "पोरगी नेऊन राहिली ना." मग माझ्या कमरेची पकड घट्ट झाली. "उतरू नको वं. इथं नाही."

कशी पोचले ते मला सांगता येत नाही. वर आल्यावर मागून आवाज आला, "झालं." आणि त्या दिवशी आत्या सायकलवरून स्वतःहून उतरली. संत्र्याच्या झाडाखाली बसली, चपला काढल्या, तलावाकडे पाहत राहिली. तिला असं निवांत जमिनीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. पुढचा बहार तिने पाहिला नाही.

यंदा मी एकटीच गेले. बांधावर बराच वेळ उभी राहिले. मग हॅण्डल उजवीकडे वळवलं. द्राक्षाचा मांडव मोडून पडला होता, झाडं फुलली होती. वर पोचले, पायडलवरून दोन्ही पाय सोडले. वारा कानात शिरला. ओरडायचं ठरलं होतं. ठरलं होतं ते दोघींनी. फाटक कधी मागे गेलं ते कळलंही नाही.

पाण्याशी थांबून मी मागे हात नेला. कॅरियर उन्हाने तापलं होतं.